खोली नावावर पडली का?

"होल्ड कितने बजे तक है?" ताईंचा पहिला प्रश्न हाच असतो. दराचं बोलणं त्यानंतर. पलीकडे गंगटोकचा एजंट होता. सहा वाजेपर्यंत, तो म्हणाला. ताईंनी रजिस्टरच्या कडेला ६ लिहिला, त्याभोवती गोल केला आणि लगेच पुढचा फोन लावला. "काका, आज सहाच्या आत एकतीस हजार पाचशे पाठवाल ना? नाहीतर लाचुंगच्या खोल्या सुटतील."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ताईंचं हे सहलींच्या बुकिंगचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि भिंतीवर शाळांच्या सुट्ट्या लाल पेनाने रंगवलेलं कॅलेंडर. ताईंच्या वडिलांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा हॉटेलला आधी पत्र जायचं, होकार आला की डिमांड ड्राफ्ट काढून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचा आणि पोचपावतीची वाट बघायची. आता पैसे मिनिटात पोहोचतात. ते नेमके कुठे पोहोचले, हे कळायला मात्र अजूनही माणसाला फोनच करावा लागतो. जानेवारीतले आठ दिवस मी त्यांच्या शेजारी बसले, ते हे फोन ऐकण्यासाठी.

बसण्यामागे माझं स्वतःचं एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन आम्ही मुन्नारला रात्री नऊ वाजता पोहोचलो. व्हाउचर हातात होतं, पूर्ण पैसे दोन महिने आधी भरलेले. काउंटरवरच्या मुलाने व्हाउचर नीट वाचलं आणि हळू आवाजात सांगितलं, की बुकिंगची चौकशी आली होती, पेमेंट आलंच नाही. मुलं सोफ्यावर झोपली होती. आम्ही दुसऱ्यांदा पैसे भरले. आमच्या एजंटाने खरोखरच रक्कम पुढे पाठवली होती. ती मधल्या दलालाकडे अडकली. त्याने आमच्या पैशांतून आदल्या महिन्यातल्या दुसऱ्या कुणाचं बिल भागवलं होतं.

याची टोपी त्याच्या डोक्यावर घालायची ही सवय या धंद्याचा जुना आजार आहे, असं ताई म्हणतात. प्रवासी आज पैसे देतो, खोली चार महिन्यांनी वापरतो. मधले चार महिने ते पैसे कुणाच्या तरी खात्यात पडून असतात आणि पडलेल्या पैशाला पाय फुटतात. म्हणून ताईंचं अ‍ॅडव्हान्सचं बँक खातं वेगळं आहे. ऑफिसचं भाडं, पगार, लाइटबिल यांतलं काहीही त्या खात्यातून जात नाही. रजिस्टरमध्ये प्रत्येक पार्टीला एक पान आणि पानावर तीन रकाने: आले, गेले, पोहोचले. तिसरा रकाना वडिलांच्या काळापासूनचा आहे. तो भरल्याशिवाय त्या व्हाउचर छापत नाहीत.

काका स्वतःच साडेचारला जिना चढून आले. सोबत काकू. "ताई, रेल्वेचं तिकीट अजून हातात नाही, आणि हॉटेलचे पैसे आधी भरायचे?" प्रश्न रास्त होता. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ८ मेला निघायचं, तर पूर्वी तिकीट जानेवारीतच काढता आलं असतं; आता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबायचं. डोंगरातली हॉटेलं मात्र मे महिन्याच्या खोल्या जानेवारीतच भरून घेतात. तिकीट पक्कं झालं की हॉटेलचे पैसे भरायचे, हा मराठी घरांचा वर्षानुवर्षांचा क्रम या एका बदलाने उलटा झाला आहे.

ताईंनी काकांपुढे कागद ओढला आणि सावकाश समजावून सांगितलं. गंगटोक तीन रात्री, लाचुंग दोन, दार्जिलिंग दोन. तीन खोल्या, मॅप, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. एकूण ₹१,२६,०००. आज पंचवीस टक्के, बाकी पोहोचण्याच्या तीस दिवस आधी. तोपर्यंत रद्द केलं तर आजच्या रकमेतले किती कापले जातील, त्यानंतर किती, पंधरा दिवसांच्या आत काय. हे सगळं त्यांनी काकांच्या हाताने लिहून घेतलं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं माणूस विसरत नाही, हा त्यांचा अनुभव.

"थेट हॉटेललाच पाठवले तर? मधला माणूस कशाला?" काकूंनी विचारलं. गंगटोकच्या आणि दार्जिलिंगच्या खोल्यांसाठी ते जमतंही. पण उत्तर सिक्कीमचं परमिट नोंदणीकृत टूर ऑपरेटरमार्फतच निघतं, त्यामुळे लाचुंगचा मुक्काम, गाडी आणि परवाना एकाच हातातून येतात. मधला माणूस टाळता येत नसेल, तर तो पारखून घेतलेला हवा. खातं व्यक्तीच्या नावाने आहे की फर्मच्या, हे ताई प्रत्येक वेळी बघतात. ओळखीच्या फर्मने अचानक नवा खाते क्रमांक कळवला, तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय रुपया हलत नाही. हॉटेलांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून अ‍ॅडव्हान्स उकळणारे आता इतके झाले आहेत, की एप्रिल २०२५मध्ये चारधामच्या यात्रेकरूंसाठी केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला जाहीर इशारा द्यावा लागला.

व्हाउचर ही कल्पना जुनी आहे. थॉमस कुकने १८६८मध्ये हॉटेल कुपनं काढली: पैसे आधीच भरायचे आणि परदेशातल्या हॉटेलात कुपन देऊन खोली आणि जेवण घ्यायचं. ताईंच्या टेबलावरचा कागद त्याच कुळातला. आणि त्याच नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ला कोसळली, तेव्हा दीड लाखाहून अधिक ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. त्यांनी पैसे आधी दिले होते. हॉटेलांना मात्र ते पैसे पाहुणे परतल्यावर काही आठवड्यांनी मिळायचे. ट्युनिशियातल्या हम्मामेतमध्ये एका हॉटेलने तर पैशांसाठी पाहुण्यांना फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. मुन्नारच्या काउंटरसमोर उभं राहिलेल्या मला ती बातमी फार जवळची वाटली होती. भारतातली त्या नावाची कंपनी तेव्हाही वेगळ्या मालकीची होती, ती चालू राहिली.

पैसे पोहोचले तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. ४ ऑक्टोबर २०२३ला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं, तिस्तेला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं. लाचुंगचा रस्ता चुंगथांगवरूनच जातो. ताईंच्या चार पार्ट्या त्या दिवाळीत तिकडे जाणार होत्या. गंगटोकच्या एजंटाने रक्कम पुढे दिलेली होती, लाचुंगच्या मालकाने ती नोकरांच्या पगारात आणि सीझनच्या किराण्यात घातलेली. कुणी लबाडी केली नव्हती, पण परत द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. तीन पार्ट्यांनी पुढच्या मेसाठी क्रेडिट घेतलं. चौथ्या घरात आजारपण आलं होतं, त्यांना रोख हवी होती. ती ताईंनी स्वतःच्या बचतीतून दिली आणि पुढे दीड वर्ष गंगटोककडून थोडी थोडी वळती करून घेतली. हे सांगताना त्यांनी रजिस्टरचं ते पान उघडून दाखवलं. तिसऱ्या रकान्यात तारखांची एक लांब उतरंड होती.

पाच चाळीसला काकांच्या मुलाने पैसे पाठवले. पाच पन्नासला ते ताईंच्या खात्यातून गंगटोकला गेले. पाच छप्पनला एजंटाचा मेल आला: कन्फर्म्ड. काका-काकू समाधानाने उठले. काकू म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं."

"अजून नाही, काकू," ताई म्हणाल्या. "रात्री फोन करते तुम्हाला."

त्यांनी लाचुंगच्या हॉटेलचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. साडेसहा वाजले, प्रिंटर बंद झाला, मदतनीस मुलगी घरी गेली. चहा आला, तो निवला. मी विचारलं, मेल आला आहे ना? त्या म्हणाल्या, मेल गंगटोकने पाठवला आहे, झोपायचं लाचुंगला आहे.

सात वाजून बारा मिनिटांनी पलीकडून आवाज आला. ताई उठून खिडकीशी गेल्या. "भैया, दस मई से दो नहीं, तेरह मई से दो रात. तीन कमरे. ब्लॉक किया है या सिर्फ लिखा है? गंगटोकवालों ने पेमेंट भेजा? कितना?" मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. पलीकडचा माणूस रजिस्टर शोधत होता बहुतेक. "नाम पढ़के सुनाइए."

त्याने नाव वाचलं. स्पेलिंग चुकलं होतं; ताईंनी एकेक अक्षर सांगून ते दुरुस्त करून घेतलं. नंतर खुर्चीत बसून तिसऱ्या रकान्यात रक्कम, वेळ आणि बोललेल्या माणसाचं नाव लिहिलं आणि काकूंना फोन लावला.