सोडण जाळू नका, छपराखाली घाला!



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. त्यानंतर कित्येक घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. पत्रा लवकर बसतो, वानरांच्या उड्यांनी फुटत नाही, हे खरे. पण चैत्र-वैशाखात दुपारी त्याच पत्र्याखाली बसवत नाही. सर्वांत जास्त हाल होतात ते घरातील वृद्धांचे, पाळण्यातल्या मुलाचे आणि गोठ्यातल्या गाईचे. संकरित गाय तर उष्म्याने वैरण कमी खाते आणि दुधाला कमी येते. यावरचा एक उपाय आपल्या परसातच पडलेला असतो. आपण मात्र तो चुलीत घालतो.

गोधडीचे तत्त्व

गोधडी स्वतः ऊब देत नाही. तिच्या थरांत हवा कोंडलेली असते. ती आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. नारळाचे सोडण, भाताचे तूस, पेंढा आणि सुपारीची साल यांचे काम असेच आहे. सुक्या काथ्याच्या थरातून उष्णता लोखंडाच्या मानाने जवळपास हजारपट कमी जाते. बंदरावर बर्फाची लादी भुशात ठेवतात ती याच कारणाने.

कोणता माल घ्यावा?

सोडणात सुमारे एक तृतीयांश काथ्या आणि बाकीचा भुसा असतो. काथ्या लवकर कुजत नाही, म्हणून तो उत्तम. भुसा मात्र पाणी धरून ठेवतो; तो माडाच्या आळ्यात आच्छादनासाठी वापरावा. तुसात वाळूच्या जातीचा सिलिका भरपूर असल्याने तेही टिकते. मात्र ज्या गिरणीत तूस वेगळे निघते तिथूनच आणावे. कोंडा मिसळलेल्या तुसाला किडे आणि उंदीर लागतात. पेंढ्यालाही तीच भीती असते, शिवाय तो गुरांच्या तोंडचा घास आहे. म्हणून तो शेवटी.

कसे करावे?

पत्र्याखाली एक वीत मोकळी जागा सोडून वाशांना बांबूच्या तट्ट्या घट्ट बांधाव्यात. कडक उन्हात वाळवलेले तूस किंवा काथ्या जुन्या स्वच्छ पोत्यांत भरून, चार इंचांचा सपाट थर तट्ट्यांवर लावावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीला सुमारे ९० ते १०० किलो तूस लागते. पाच क्विंटल भात भरडले की एवढे तूस निघते. हे वजन पेलतील असे वासे आहेत ना, ते आधी पाहावे. पत्रा आणि थर यांमधल्या जागेला दोन्ही बाजूंनी वारा मिळू द्यावा. खोलीलाही झरोके हवेतच, नाहीतर दिवसाची उष्णता रात्री आत कोंडून राहील.

तीन गोष्टी सांभाळा

पहिली, ओल. थर भिजला की हवेच्या जागी पाणी शिरते आणि सारा उपयोग जातो. म्हणून पावसापूर्वी पत्र्याची गळती काढावी. खाडीच्या पाण्यात भिजवलेला काथ्या गोड्या पाण्यात धुऊन वाळवावा. त्यातले मीठ ओल ओढते आणि पत्रा गंजवते.

दुसरी, आग. चुलीवर आणि धुराच्या वाटेवर हा थर मुळीच घालू नये. विजेच्या तारा पाइपातून न्याव्यात. स्वयंपाकघराच्या भिंतीला तूस घालायचेच असेल तर ते माती-शेणात कालवून लिंपावे.

तिसरी, वाळवी. पोती भिंतीला टेकवू नयेत आणि वर्षातून एकदा खाली काढून उन्हात घालावीत.

पूर्वीच्या गोठ्यात माळ्यावर पेंढा रचलेला असे आणि खाली गुरे गारव्याला बसत. तेच शहाणपण पत्र्याच्या छपराला लावायचे आहे. यंदा भात भरडताना चार पोती तूस बाजूला काढा आणि प्रथम गोठ्याच्या एका कोपऱ्यावर करून पाहा. वैशाखातल्या दुपारी गाय कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसते, त्यावरून पुढे घराचे ठरवा.