आधण

गॅरेजचं दार बंद आहे, तरी खालच्या फटीतून गारठा पायाला झोंबतोय. मिनेसोटातला जानेवारी, बाहेर उणे 18 अंश. पुतण्या चार वर्षं घरी बिअर करतो, तीही अंगणात, प्रोपेनच्या शेगडीवर. या थंडीत अंगणात उभं राहवत नाही आणि बंद गॅरेजात शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वासही नसतो. म्हणून यंदा वीज.

57 लिटरच्या स्टीलच्या पातेल्याला तळाजवळ भोक पाडून त्याने 5500 वॉटचं एलिमेंट बसवलंय. मी वाकून नटाखाली बोट फिरवतो. कोरडं आहे. आत 30 लिटर नळाचं पाणी. माल्टचं पोतं कोपऱ्यात, तोंड शिवलेलंच; आज नुसती पाण्यावरची चाचणी.

"काका, करू चालू?"

"थांब. आधी मीटर दे."

माझी 31 वर्षं लाइनवर गेली आहेत. पातेल्याला अर्थिंगची हिरवी तार घट्ट आवळलेली आहे. केबल 10 गेजची, म्हणजे आपल्या 6 स्क्वेअरच्या जरा खालची, 30 अँपिअरला पुरेशी. ब्रेकर गळती पकडणारा. आपल्याकडे घरात 30 मिलिअँपिअरचा असतो, हा 5 ला पडतो. टेस्टचं बटण दाबतो. खट्. हे काम त्याने मन लावून केलंय.

ब्रेकर पुन्हा वर. कंट्रोलर बंद. झाकण काढलेल्या एलिमेंटच्या टोकाला मीटरची एक पिन, दुसरी अर्थला. 120. दुसऱ्या टोकालाही 120.

"पण बंद आहे ना?" तो आकड्याकडे बघतच राहतो.

इथे 240 व्होल्ट म्हणजे दोन जिवंत तारा, प्रत्येकी 120 च्या; न्यूट्रल नाहीच. त्याचा सॉलिड स्टेट रिले त्यातली एकच तोडतो. दुसरी एलिमेंटपर्यंत जिवंतच राहते, आणि उद्या हा पाण्यात पळी घालून ढवळणार. शिवाय असा रिले बिघडतो तो बहुधा चालू अवस्थेतच अडकून. दोन्ही तारा तोडणारा काँटॅक्टर त्याने आणलेला आहे, खोक्यात तसाच. ब्रेकर पाडून आम्ही तो बसवतो. बोटं गारठलेली, स्क्रू बारीक. पाऊण तास जातो.

पुन्हा मीटर. शून्य. दुसरं टोक, शून्य. झाकण लावतो.

"आता कर."

क्लॅम्पमीटरवर 23 अँपिअर. आधी काहीच घडत नाही, मग पाणी सूं करू लागतं. पंचविसाव्या मिनिटाला 67 अंश. याच तापमानाला भिजल्या जवातल्या स्टार्चची साखर होते, आणि तो त्या आकड्याकडे सणाचा नैवेद्य बघावा तसा बघतो. रिलेच्या हीटसिंकवर मी तळहात धरतो; कोमट, सोसेल इतपत.

खिडकीच्या काचेवर वाफ बसते आणि तिथेच गोठत जाते. पातेल्यात बारीक बुडबुडे, मग मोठे.

"काका, आधण आलं!"

हा शब्द त्याच्या आजीचा. मी कंट्रोलर बंद करायला सांगतो, काँटॅक्टर ठक् करून सुटतो, आणि मी पुन्हा मीटर हातात घेतो.