हिवाळी सामन्यांचें यजमानपद

आमच्या दिंडोरीकडे थंडीचा कडाका वाढला कीं लोकांस आनंद होत नाहीं, द्राक्षबागांची चिंता लागते. पहांटे बागांतून शेकोट्या पेटतात आणि शेतकरी रात्र जागून काढतो. अशा गांवच्या माणसानें बर्फावरील खेळांविषयीं बोलावें, हें पुष्कळांस विलक्षण वाटेल. परंतु या विषयाचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचला आहे, आणि पुढें तो आपल्या खिशापर्यंतहि येण्याचा संभव आहे. म्हणून हिवाळी ऑलिंपिक सामन्यांचें यजमानपद एखाद्या नगरीला कसें मिळतें, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मुंबईचीच गोष्ट. ऑलिंपिक सामन्यांचा कारभार पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचें ठाणें स्वित्झर्लंडमधील लोझान येथें आहे. तिच्या सदस्यांचीं अधिवेशनें निरनिराळ्या नगरींत भरतात. भारतांत असें अधिवेशन १९८३ सालीं दिल्लीस भरलें होतें. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, २०२३ च्या ऑक्टोबरांत, तें मुंबईस भरलें. हा मान मुंबईला मिळाला तो २०२२ च्या फेब्रुवारींत, बीजिंग येथें हिवाळी सामने चालू असतांना. मुंबईच्या अधिवेशनांतील गाजलेली बातमी म्हणजे २०२८ च्या लॉस एंजलिस येथील सामन्यांत क्रिकेटचा समावेश. पण त्याच सभेंत दुसराहि एक निर्णय झाला. २०३० आणि २०३४ या दोन्ही हिवाळी सामन्यांचीं यजमानपदें एकाच वेळीं ठरवावीं, असें तेथें तत्त्वतः मान्य झालें. ज्या मुंबईवर कधीं हिमकण पडला नाहीं, तेथेंच हिमक्रीडांच्या पुढील दोन यजमानांची वाट मोकळी झाली!

हे हिवाळी सामने फ्रान्समधील शामोनी येथें १९२४ सालीं प्रथम झाले. त्यांतील खेळांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. कांहीं खेळ डोंगरउतारावरील भुसभुशीत हिमावर होतात, तर कांहीं थिजलेल्या कठीण बर्फावर. पहिल्यांस उंच पर्वत लागतो. दुसऱ्यांस मोठीं बंदिस्त सभागृहें लागतात, आणि तीं बहुधा मोठ्या शहरांतच परवडतात. म्हणून हल्लीं मागणी एका शहराची नसून शहर आणि पर्वत यांची जोडीनें असते. २०२६ च्या सामन्यांचा मान मिलान आणि कोर्तिना यांना मिळाला. या दोन गांवांत अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. त्यांच्याशीं स्पर्धा करणाऱ्या स्वीडननें तर घसरगाडीच्या शर्यती शेजारच्या लॅटव्हिया देशांत, तेथील तयार मार्गावर, घेण्याचें योजिलें होतें.

आतां मागणी घालावयाची कशी? नगरपालिकेनें ठराव केला आणि अर्ज धाडला, इतक्यानें भागत नाहीं. अर्ज त्या देशाच्या ऑलिंपिक समितीमार्फत जावा लागतो, आणि त्याच्यामागें सरकारची हमी लागते. खेळाडूंच्या जीविताचें रक्षण कोण करील, परदेशच्या मंडळींना प्रवेशाचे परवाने कसे मिळतील, निवासाची सोय कोठें होईल, आणि पैसा कमी पडला तर तूट कोण भरून काढील, या प्रश्नांचीं लेखी उत्तरें द्यावीं लागतात.

खर्चाच्या दोन वह्या असतात, हें ध्यानांत ठेवावें. पहिल्या वहींत प्रत्यक्ष सामने चालविण्याचा खर्च असतो. तो तिकिटें, जाहिरातदारांचें द्रव्य आणि दूरदर्शनाच्या हक्कांतून आंतरराष्ट्रीय समितीकडून मिळणारा वांटा यांतून बराचसा भागतो. दुसऱ्या वहींत रस्ते, लोहमार्ग, क्रीडागृहें आणि वसाहती यांचा खर्च असतो, आणि तो बहुतेक करून लोकांच्या कराच्या पैशांतून होतो. मागणी घालणारे पुढारी पहिली वही उघडून दाखवितात. लोकांनीं दुसरी मागून घ्यावी लागते.

पूर्वीं ही निवड स्वयंवरासारखी होत असे. अनेक नगरी एकाच वेळीं पुढें येत, प्रत्येक नगरी सदस्यांची मनधरणी करी, आणि अखेर गुप्त मतदान होई. या पद्धतींत मानपानाचें प्रस्थ माजलें. अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटीनें २००२ च्या सामन्यांसाठीं सदस्यांना भेटी दिल्या व त्यांच्या आप्तांना शिष्यवृत्त्याहि दिल्या, हें १९९८ च्या अखेरीस उघडकीस आलें, आणि त्या प्रकरणांत दहा सदस्यांना पद सोडावें लागलें. त्यानंतर मागणी घालणाऱ्या नगरींत सदस्यांनीं पाहुणचारास जाण्याची प्रथा बंद करण्यांत आली.

पण त्याहून मोठा धक्का सामान्य मतदारांनीं दिला. १९७६ चे सामने डेन्व्हर नगरीस १९७० सालींच मिळाले होते. पुढें १९७२ च्या नोव्हेंबरांत कोलोरॅडो संस्थानच्या मतदारांनीं सार्वजनिक पैसा देण्याचें साफ नाकारलें, आणि ते सामने ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें न्यावे लागले. अलीकडे तर हा ओघच लागला. २०२२ च्या सामन्यांसाठीं पुढें आलेल्या ऑस्लो, स्टॉकहोम, क्राकोव्ह आणि लव्हिव्ह या चार नगरींनीं माघार घेतली. उरलीं बीजिंग आणि अल्माटी. त्यांत बीजिंगला ४४ व अल्माटीला ४० मतें पडलीं. २०२६ साठीं कॅनडांतील कॅल्गरीच्या नागरिकांनीं २०१८ मध्यें नकार दिला. स्वयंवर मांडलें, पण मंडपांत राजपुत्रच येईनात, अशी अवस्था झाली.

तेव्हां २०१९ मध्यें नियम बदलण्यांत आले. स्वयंवराऐवजीं आतां आपल्याकडील लग्नाप्रमाणें आधीं बोलणी चालतात. यजमानपदाचा विचार करण्यासाठीं स्वतंत्र आयोग नेमलेला असतो. इच्छुक देशांशीं त्याचा विचारविनिमय अनौपचारिकपणें चालतो. मग ज्यांची तयारी योग्य दिसेल त्यांच्याशीं निश्चित स्वरूपाची बोलणी सुरू होतात, हमीपत्रें तपासलीं जातात, आणि शेवटीं अधिवेशनापुढें बहुधा एकच नांव येतें. सदस्यांनीं त्यावर होय किंवा नाहीं एवढेंच मत द्यावयाचें.

मुंबईच्या निर्णयानंतर असेंच घडलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्सचा आल्प्स प्रदेश आणि सॉल्ट लेक सिटी यांना बोलण्यांसाठीं पाचारण झालें. २०२४ च्या २४ जुलै रोजीं पॅरिसच्या अधिवेशनांत पहिल्यास २०३० चे व दुसऱ्यास २०३४ चे सामने देण्यांत आले. त्या वेळीं फ्रान्समध्यें नवें मंत्रिमंडळ स्थापन व्हावयाचें होतें. म्हणून सरकारी हमी मागाहून द्यावी, अशी अट घालून मान्यता देण्यांत आली. सॉल्ट लेक सिटीचें बळ असें कीं, २००२ सालीं बांधलेलीं क्रीडास्थळें तिनें वापरांत व डागडुजींत ठेविलीं होतीं.

नवी पद्धत निर्दोष आहे काय? पूर्वींच्या उधळपट्टीस तिनें आळा घातला, हें खरें. पण बोलणी बंद दारांआड चालतात, आणि एका देशाला निवडतांना दुसरा कां डावलला गेला, हें लोकांस नीट कळत नाहीं, असा आक्षेप आहे. २०२५ च्या जूनमध्यें या पद्धतीचा फेरविचार करण्याचें समितीनें ठरविलें.

या साऱ्यांत आणखी एक मूक पक्षकार आहे, तो म्हणजे हवामान. पृथ्वीचें उष्णमान वाढत असल्यामुळें, २०४० पर्यंत हिमावरील स्पर्धा भरंवशानें घेऊं शकतील असे जेमतेम दहा देश उरतील, असा अंदाज मुंबईच्या अधिवेशनाच्या वेळीं मांडण्यांत आला होता. दोन यजमानपदें एकदम ठरविण्यामागें हेंच एक कारण होतें. दंवाच्या एका रात्रीनें वर्षाची मेहनत कशी जाते हें आमच्या बागाइतदारास ठाऊक आहे. तिकडे दंव न पडल्यानें तसेंच घडूं पाहत आहे.

श्रोतेहो, हिवाळी सामने महाराष्ट्रांत येणार नाहींत. पण मागणी घालण्याचा प्रसंग आपल्या देशावर आलेला आहे. २०३६ चे उन्हाळी सामने भारतांत व्हावे, ही इच्छा पंतप्रधानांनीं मुंबईच्याच अधिवेशनांत जाहीर केली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत तसें पत्र रीतसर धाडण्यांत आलें. २०३० चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादेस मिळाल्याचा निर्णय २०२५ च्या नोव्हेंबरांत झाला आहे. अशा वेळीं देशाची शोभा वाढेल म्हणून आपलें मन हर्षून जाणें स्वाभाविक आहे, आणि तो हर्ष मी कमी लेखत नाहीं. गांवांतल्या मुलानें मोठ्या मैदानावर धांवतांना आपला माणूस पाहिला, तर त्याच्या पायांत बळ येतें, हें मीं शाळेंत चाळीस वर्षें पाहिलें आहे.

पण त्याबरोबर दुसरी वहीहि मागावी. पुण्याजवळचें बालेवाडीचें क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभें राहिलें. तेथेंच २००८ सालीं राष्ट्रकुल युवक सामने भरले. एकदां केलेली बांधणी चौदा वर्षांनीं पुन्हां मोठ्या कामास आली. याच्या उलट, एकदां वापरून गवत माजलेलीं क्रीडांगणें जगांत अनेक ठिकाणीं दिसतात.

आमच्या नाशिकास सिंहस्थ येतो, तो कोणी मागणी घालून आणीत नाहीं. गुरु सिंह राशीस आला कीं तो येतो, आणि बारा वर्षांनीं पुन्हां येणार हें ठाऊक असल्यामुळें घाट आणि रस्ते वायां जात नाहींत. ऑलिंपिक सामने एकदां गेले कीं बहुधा आपल्या हयातींत परत येत नाहींत. म्हणून यजमानपद मागण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: हें बांधकाम पाहुणे गेल्यावर कोण वापरील? तूट आली तर कोण भरील? आणि ज्यांनीं ती भरावयाची, त्यांना आधीं कोणीं विचारलें काय? व्हँकुव्हरनें २००३ सालीं आपल्या नागरिकांचें मत आधीं घेतलें, बहुमतानें होकार मिळविला, आणि मगच २०१० चे सामने आपल्या दारीं आणले. पाहुण्यांस आमंत्रण धाडण्यापूर्वीं घरांतल्या माणसांस विचारावें, ही आपल्याकडील जुनीच रीत आहे. ती मोठ्या मंडपासहि लागू पडते.