पेशावर ते नगर, व्हाया बेल्जियम

नगरचा भुईकोट किल्ला म्हटलं की 'भारताचा शोध' आठवतो. नेहरूंनी 1944 मध्ये इथल्या कैदेत ते पुस्तक लिहिलं. पण त्यांच्याच सोबतीला असलेले आचार्य नरेंद्र देव काय करत होते, ठाऊक आहे? दम्याने बेजार असलेला हा समाजवादी नेता एका बौद्ध ग्रंथाचं हिंदी भाषांतर करत होता. तेही फ्रेंचमधून!

आपलाच ग्रंथ, आणि फ्रेंचमधून? ऐका तर खरं.

पेशावरच्या वसुबंधूने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संस्कृतात 'अभिधर्मकोश' रचला. पुढे भारतातून तो नाहीसाच झाला. पण सातव्या शतकात ह्युएन त्संगने (पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, तोच!) मायदेशी परतून त्याचं चिनी भाषांतर केलं होतं. तिबेटीतही तो उतरला होता. त्या आधारावर बेल्जियमच्या लुई द ला व्हाले पूसँ यांनी 1923 ते 1931 दरम्यान तो फ्रेंचमध्ये आणला. आणि तिथून स्वारी थेट नगरच्या तुरुंगात!

सुटका केव्हा होणार याचा पत्ता नसताना असला जड ग्रंथ कोण हाती घेईल? पण आत डोकावा. आमटीत काय काय पडलंय ते एका घोटात सांगणाऱ्या सुगरणीसारखा वसुबंधू मन चाखतो. अख्ख्या अस्तित्वाचे 75 घटक, त्यांपैकी तब्बल 46 मनाच्या साथीला. क्रोध वेगळा आणि राग ओसरल्यावरही धरून ठेवलेली अढी, म्हणजे उपनाह, वेगळी. दुसऱ्याचं बरं न बघवणं ही ईर्ष्या. आपलं सोडवत नाही ते मात्सर्य. आता शेजाऱ्याशी झालेलं मागचं भांडण आठवा. क्रोध तासाभरात गेला असेल. मग आज जे सलतंय, ते काय? यादी वाचून भांडण मिटत नाही, पण दुखतंय कुठे ते कळतं. माझ्या मते गोड बोलून धीर देणाऱ्या दहा पुस्तकांपेक्षा हे मोलाचं.

आणखी एक नवल. बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात याच ग्रंथाच्या मूळ संस्कृत कारिकांचं, म्हणजे श्लोकांचं, हस्तलिखित गवसलं होतं. पुण्याच्या वा. वि. गोखल्यांनी त्या 1946 मध्ये, म्हणजे नरेंद्र देव सुटल्यावर पुढच्याच वर्षी, छापून प्रसिद्ध केल्या.

नरेंद्र देव 1956 मध्ये गेले. त्यांच्या 'बौद्ध धर्म दर्शन' या ग्रंथाला 1957 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. किल्ला बघायला जाल तेव्हा नेहरूंच्या खोलीपाशी थांबा, फोटो काढा. पण नरेंद्र देव इथे कुठे राहायचे, तेही जरूर विचारा.