झाडावरच्या घोरपडी: पिंजऱ्यातला ओलावा आणि फवारा

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, झाडावरच्या घोरपडींना आर्द्रता नेमकी किती लागते? आकडा हवा असेल तर दिवसा साधारण ७० ते ८० टक्के, रात्री त्याहून थोडी जास्त. पण नुसता आकडा घेऊन गेलात तर घोळ होतो. आमचाही झाला होता.

आधी प्राणी कोणता ते बघू. घोरपड म्हटलं की आपल्याला बांधावरची, बिळात शिरणारी घोरपड आठवते. ती पाळणं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तिचा आज विषय नाही. आज बोलतोय ते न्यू गिनीच्या पावसाळी जंगलातल्या हिरव्या घोरपडीबद्दल, आरू बेटांवरच्या काळीबद्दल आणि बटांटा बेटावरच्या निळीबद्दल. ही निळी तर शास्त्रज्ञांनी २००१ साली नोंदवली, म्हणजे अगदी अलीकडे. सगळ्या सडपातळ, शेपटीने फांदी धरणाऱ्या. पिंजऱ्यातही त्या बऱ्याचदा पानांवरचे थेंब चाटून पाणी पितात. म्हणजे फवारा हा त्यांचा पाणवठाही असतो.

आता गंमत बघा. मोजतो ती सापेक्ष आर्द्रता. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ ती सामावून घेऊ शकते. रात्री पिंजऱ्यात २४ अंशांना ८० टक्के आर्द्रता आहे. सकाळी दिवे लागले, हवा ३० अंशांवर गेली. वाफेचा एक कणही बाहेर गेला नाही, तरी काटा ५६ टक्क्यांच्या आसपास येतो! ऊन खायच्या दिव्याखाली फांदीचं तापमान ४० अंशांच्या पुढे असतं, तिथे तर हवा कोरडीठाकच. म्हणून एका पिंजऱ्याची एक आर्द्रता असं काही नसतं. वर वेगळी, खाली वेगळी.

आमची चूक इथेच झाली. आर्द्रतामापक खाली, फवाऱ्याच्या तोटीजवळ लावलेला. तो रोज ८५ दाखवायचा आणि आम्ही खूश. नर मात्र दिवसभर वर, दिव्याच्या बाजूला. कात टाकताना त्याच्या दोन बोटांच्या टोकांना जुनी कात अंगठीसारखी आवळून राहिली. लक्षात आलं तेव्हा टोकं काळी पडली होती. ती गेली. झाडावर चढणाऱ्या जनावराचं बोटाचं टोक जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. दुसरा मापक वर लावला, तर तिथे जेमतेम ४५ टक्के.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. तासातासाला फवारा. मापक दोन्हीकडे छान, पण फांद्यांची साल कधी सुकेचना. काही आठवड्यांत पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग आणि फोड. पावसाळ्यात बंद खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो ना, तसाच प्रकार. हवा दमट हवी, पृष्ठभाग सतत ओला नको. कोंदट दमटपणात फुप्फुसाचे आजारही होतात.

आता आम्ही सकाळी दिवे लागताना एक मोठा फवारा देतो, संध्याकाळी एक, मधे लागला तर छोटासा. दोन फवाऱ्यांमध्ये पानं आणि फांद्या सुकल्याच पाहिजेत. चार तासांनीही पानावर पाणी दिसलं तर फवारा कमी करत नाही, आधी हवा खेळते का ते बघतो. मधल्या वेळचा ओलावा धरून ठेवायचं काम तळातली खोल माती, पालापाचोळा आणि जिवंत झाडं करतात. जाळीचं छत असेल तर वाफ वरून निसटते, म्हणून त्याचा काही भाग झाकावा. सगळा मात्र नको! ऊन खायची फांदी फवाऱ्याच्या धारेत येऊ देऊ नका.

पाणी क्षार काढलेलं वापरा. बोअरच्या पाण्याने तोट्या चोंदतात आणि काचेवर पांढरे डाग पडतात. टाकीतलं शिळं पाणी ओतून टाकून ती नियमित घासायची, कारण त्यात वाढलेले जंतू तुषारांबरोबर थेट फुप्फुसात जातात, प्राण्याच्या आणि आपल्याही. अल्ट्रासॉनिक धुकं यंत्र वापरणाऱ्यांनी तर हे दुप्पट पाळावं. ते यंत्र दिसायला सुंदर, पण त्याने प्यायला थेंब मिळत नाहीत, म्हणून आमच्याकडे ते सध्या माळ्यावर आहे.