पडद्यावरचा राक्षस कागदावर फिका का?

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. त्यांची चित्रे मुखपृष्ठांवरून घरोघर पोचली. आज वाशिमचा एखादा विद्यार्थीही संगणकावर राक्षस-पऱ्या रंगवून असा व्यवसाय करू शकतो. पण पडद्यावरचा झगझगीत हिरवा राक्षस मुखपृष्ठावर फिका उतरला, तर मोबदला अडतो. असे का होते?

पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश स्वतः देतो. शाई मात्र पांढऱ्या प्रकाशातील काही रंग शोषते. उरलेलेच आपल्याला दिसतात. छापील चित्र भिंगातून पाहा. आकाशी, किरमिजी, पिवळे व काळे ठिपके दिसतील. पडद्यावरचे काही तेजस्वी रंग या चार शायांना साधतच नाहीत. म्हणून चित्र सोपवण्यापूर्वी नमुना छापून पाहावा आणि त्याप्रमाणे रंग बदलावेत.