बातम्यांच्या वेळी विनोद

मिस्टर बीन पाहून माझी निरक्षर आजीही पोट धरून हसते. त्या रोवन अ‍ॅटकिन्सनचे नाव झाले ते 'नॉट द नाइन ओ'क्लॉक न्यूज' या कार्यक्रमातून. १९७९ ते १९८२ या काळात, बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर नऊच्या बातम्या चालू असत तेव्हाच तो दुसरीवर लागे. मेल स्मिथ, ग्रिफ ऱ्हीस जोन्स हेही त्यातलेच.

त्यातल्या एका प्रवेशात एक हवालदार एकाच कृष्णवर्णीयाला वारंवार पकडतो. गुन्हे? अंधारात भडक सदरा घालणे, फरसबंदीच्या फटींवर पाय देणे! साहेब त्याला झापतो, नि बदली करतो ती 'स्पेशल पॅट्रोल ग्रुप'मध्ये. लंडन पोलिसांचे हे पथक खरोखरीचे होते. १९७९ साली साउथॉलच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला, तेव्हा संशय याच पथकावर आला.

मी आजीला हे सांगितले. ती हसली नाही. "तुझ्या आज्यालाबी सदरा बघूनच हटकायचे," म्हणाली.